नुकताच संपवलेला कन्सोल गेम : तुमची लक्षात राहिलेली एक जागा

'रेड डेड रिडेम्प्शन २' मागच्या आठवड्यात संपला आणि अजून दुसरा गेम लावावासा वाटत नाहीये. गेम २०१८चा, म्हणजे तसा जुनाच. पण नोकरी, घर, मुलांचा अभ्यास उरकून रात्री तासभर खेळणाऱ्यांना जुनं-नवं फारसं नसतं.

धागा काढायचं कारण असं, की ग्राफिक्स कसे, किती तासांचा, किती स्टार, हे कुठेही वाचायला मिळतं. मला तुमच्याकडून एक जागा हवी आहे. दुसऱ्याला खेळताना बघून जी कळली नसती, बटण आपण स्वतः दाबलं म्हणूनच जी लागली, अशी. पीएस (प्लेस्टेशन), एक्सबॉक्स, स्विच, खेळायचं कुठलंही यंत्र चालेल. गेम संपवलेला असावा, एवढंच. शेवट उघड होणार आहेत, तेव्हा जो गेम खेळायचा राहिलाय त्यावरचा अनुभव ओलांडून पुढे जा.

सुरुवात माझ्यापासून करतो. साल १८९९, अमेरिका. आर्थर मॉर्गन हा डच व्हान डर लिंडच्या टोळीतला भरवशाचा माणूस. टोळीतला एक जण व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थर जातो. व्हॅलेंटाइन गावाजवळ थॉमस डाउन्स नावाचा शेतकरी आहे, आधीच आजारी. त्याला कुंपणाशी धरून मारायचं आणि ते बटण आपणच दाबायचं. मी भराभर दाबलं, मिशन पुढे सरकायला हवं होतं. मार खाता खाता डाउन्स आर्थरच्या तोंडावर खोकतो. तेवढंच. मी घोड्यावर बसून निघालो आणि विसरूनही गेलो.

पुढे कितीतरी तासांनी आर्थर सेंट डेनिसच्या रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, क्षय. तेव्हा ते कुंपण आठवलं. माझ्या आत्याला टीबी झाला होता. औषधाचा कोर्स नीट पुरा केला आणि ती आज ठणठणीत आहे. आर्थरच्या वेळी औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. म्हणजे आता तो वाचणार नाही हे पक्कं, आणि तरी गेम बराच बाकी. चेहरा खंगत जातो, डोळे लालसर होतात, मधेच खोकल्याची उबळ येते. मी खेळायची पद्धतच बदलली. दुकानं लुटणं सोडलं, रस्त्यात कोणी हाक मारली की थांबायला लागलो. डाउन्सची बायको पुढे अ‍ॅनिसबर्गच्या खाणगावात फार वाईट अवस्थेत भेटते आणि आर्थर तिला पैसे देऊ करतो. तिथे कंट्रोलर हातात धरून मी नुसता बसून होतो. कथा म्हणून हे कोणीही सांगेल. पण ते बटण मी दाबलं होतं, ही गोष्ट सांगून कळायची नाही.

आता तुम्ही लिहा.

नाशिकहून

आमच्याकडचा पीएस५ नवऱ्याचा. मी त्याला फक्त फडक्याने पुसायचे. मग त्याने 'इट टेक्स टू' आणला. २०२१चा, स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा. हा गेम एकट्याने खेळताच येत नाही, दोन माणसं लागतातच. स्क्रीन उभी दुभागलेली, अर्ध्यात तो, अर्ध्यात मी. मे आणि कोडी हे घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं, मुलीच्या अश्रूंमुळे बाहुल्या होऊन बसतं आणि स्वतःच्याच घरात अडकतं.

पहिल्या शेडमध्ये त्याच्याकडे खिळे, माझ्याकडे हातोडी. त्याने खिळा भिंतीत मारला तर मला हातोडीने लटकून पलीकडे जाता येणार. सुरुवातीला मी सारखी पडायचे आणि तो "उडी, उडी!" म्हणून ओरडायचा. दोन-चार संध्याकाळी गेल्यावर ओरडणं बंद झालं. खिळा कधी येणार हे मला त्याच्याकडे न बघता कळायला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका कामात असे एकाच लयीत आम्ही फार क्वचित असतो.

आणि ती हत्तीण. मुलीची लाडकी खेळण्यातली हत्तीण, नाव क्यूटी. आईबापांना वाटतं, मुलगी पुन्हा रडली तर आपण माणसात येऊ. म्हणून तिचं आवडतं खेळणं मोडायचं. हत्तीण गयावया करते, आणि तिला ओढत कड्यापर्यंत दोघांनी मिळून न्यायचं. एकाने थांबून चालत नाही, कारण दोघांची बटणं लागतात. मी म्हटलं, "मी नाही दाबत." तो म्हणाला, "मग गेम इथेच संपला." आम्ही कंट्रोलर ठेवून चहा केला. मुलांना मधे ठेवून आईबाप काय काय करतात यावर त्या रात्री आमचं जे बोलणं झालं, ते एरवी झालंच नसतं. दुसऱ्या दिवशी दाबलं. मला अजून ते आवडलेलं नाही, आणि गेम करणाऱ्यांना तेच हवं असणार असं वाटतं.

कुडाळहून

'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक', स्विचवर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०चा. राजी ही कसरती करणारी पोरगी. तिच्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन मागे निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलत असतात.

माझी जागा म्हणजे त्यातली छायाबाहुल्यांची दृश्यं. आमच्या शेजारी पिंगुळीला ठाकर समाजाची चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री मिळाला तो याच कलेसाठी. लहानपणी पडद्याआड दिवा आणि पुढे आम्ही पोरं, असे ते खेळ पाहिलेत. स्विचच्या त्या छोट्या पडद्यावर सावलीचे हात हलताना दिसले आणि मी आईला हाक मारली. ती शेवटपर्यंत शेजारी बसून होती, आणि खांबाभोवती गिरकी घेऊन राजीने असुर लोळवला की "मार, मार" म्हणत होती.

तक्रारही आहे. गेम चार-पाच तासांत संपतो आणि संपतो तो तोडल्यासारखा. असुरांचा म्होरक्या महाबलासुराशी गाठ पडते न पडते तोच पडदा. एवढं मन लावून केलेल्या कामाला पुरता शेवट मिळायला हवा होता.

पुण्याहून

कुडाळकरांचं वाचून 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' आठवला, २०१७चा. भारतात, पश्चिम घाटात घडतो. नायिका क्लोई फ्रेझरचे वडील भारतीय, आणि ती जोडीदार नदीन रॉसबरोबर गणपतीचा दात शोधत होयसळांच्या अवशेषांतून जीप पळवते. गेममधले पुतळे डोंगराएवढे आहेत. कर्नाटकातलं बेलूरचं खरं होयसळ देऊळ मी पाहिलंय. राजा विष्णुवर्धनाच्या काळचं, १११७चं, आणि तिथली सगळी कमाल बारकाव्यात आहे, नखाएवढ्या कोरीवकामात. आकार मोठा करून होयसळ कळत नाहीत. पण चिखलातून जीप चढवताना चाकं घसरली की पावसाळ्यातली ताम्हिणीची वाट हाताला जाणवते, तेवढं खरं.

म्युनिकहून

'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. मूळची रत्नागिरीची, त्यामुळे पावसाबद्दल लिहिते. या गेममध्ये पाऊस आला की कडा निसरडा होतो आणि लिंक, म्हणजे आपला नायक, घसरतो, कितीही दम शिल्लक असला तरी. शेकोटी उघड्यावर टिकत नाही. कपारीखाली सरपण आणि गारगोटी ठेवून पेटवायची आणि उघडीप होईतो बसायचं. विजा चमकायला लागल्या की पाठीवरची धातूची तलवार काढून ठेवायची, नाहीतर वीज अंगावर येते. हे नियम गेम पाटी लावून शिकवत नाही, भिजून कळतात.

नकाशाच्या आग्नेय टोकाला इव्हेंटाइड नावाचं बेट आहे. तिथे पाय ठेवला की तलवारी, ढाली, कपडे, सगळं काढून घेतात. तीन गोळे शोधून चौथऱ्यांवर ठेवायचे, आणि त्यातला एक झोपलेल्या हिनॉक्स राक्षसाच्या गळ्यात. नव्या देशात येऊन पहिला हिवाळा काढलेल्या कोणालाही हे बेट ओळखीचं वाटेल. आधी जमवलेलं काही कामाचं नाही, पण शिकलेलं सगळं हातात आहे. शेवटचा खलनायक गॅनन मारल्याचा आनंद मला या बेटाहून कमीच झाला.

कोल्हापूरहून

'द लास्ट ऑफ अस पार्ट २'. मी गिटार शिकवतो. यातली नायिका एली गिटार वाजवते, आणि ती आपण वाजवायची. कंट्रोलरच्या स्टिकने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) निवडायची आणि त्यावरच्या टचपॅडवर बोट फिरवून तारा छेडायच्या. मी कितीदा तरी गोष्ट सोडून नुसता वाजवत बसलो. गिटार तिला वडिलांच्या जागी असलेल्या जोएलने शिकवलेली, आणि त्याच्या खुनाचा सूड घ्यायला ती निघालेली.

शेवटच्या मारामारीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जातात. घरी परत येते, गिटार उचलते. तीच कॉर्ड, तोच टचपॅड. मी बोट फिरवलं आणि तार नीट बोललीच नाही. करंगळी आणि अनामिका नसताना कॉर्ड दबणार कशी? माझा हात आपोआप पुन्हा फिरला. पुन्हा तोच मुका स्वर. सुडाने काय गेलं, हे त्या दोन सुरांत आलं.

नाशिकहून, पुन्हा

कोल्हापूरच्या दादांचं वाचल्यावर तो गेम आम्ही लावणार आहोत. दोघांनी मला विचारलंय, 'इट टेक्स टू' लांब राहणाऱ्या भावाबरोबर खेळता येईल का. येतो. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पास फुकट उतरवून ऑनलाइन खेळता येतं. एकाच घरात असाल तर दोन कंट्रोलर मात्र हवेत, आणि दोन्ही चार्ज केलेले.