नुरुक: विकत घ्यावा की घरी लावावा?

सुवॉनकर: तांदळाची माक्कल्ली (कोरियन दुधाळ तांदूळ-दारू) लावायची आहे. इथे कोरियात दुकानात नुरुकच्या (ती आंबवण्याचं गव्हाचं विरजण) चकत्या मिळतात, भरडही मिळते, शिवाय 'इपगुक' म्हणून आणखी एक प्रकार आहे. कोणता घेऊ? नुरुक घरी जमतो का?

भरडधान्य: इपगुक वेगळा. शिजवलेल्या धान्यावर एकच बुरशी पेरतात, अस्परजिलस लुचुएन्सिस. ती सायट्रिक आम्ल सोडते, त्यामुळे नासवणारे जिवाणू दबतात. पण यीस्ट वरून घालावं लागतं. नुरुक म्हणजे कच्च्या गव्हावरची आख्खी वसाहत: रायझोपस, लिक्टहाइमिया, अस्परजिलस ओरायझी या बुरश्या, जंगली यीस्ट, लॅक्टिक जिवाणू. रायझोपसचं ग्लुकोअमायलेज (स्टार्चची साखर करणारं विकर) न शिजलेल्या स्टार्चवरही चालतं, म्हणून गहू वाफवायची गरज नाही. चवीला खोली हवी असेल तर नुरुकच.

टाच_आणि_कापड: घरी जमतो. 1 किलो गहू जाडसर भरडा, कोंडा चाळू नका. पाणी 200 ते 250 मिली, चोळून चोळून मुरवा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, हात ओला होऊ नये. कापडात गुंडाळून टाचेने घट्ट तुडवा. जाडी 3-4 सेंमी, मधे थोडी कमी. गवताच्या काडावर 30 अंशांच्या आसपास ठेवा, रोज उलटा. पहिल्या आठवड्यात चकती आपोआप तापते. आत 45 च्या वर गेली तर चकत्या एकमेकींपासून लांब करा. तीनेक आठवड्यांनी वाळवा, मग महिनाभर मुरू द्या.

फोडून बघा. आत काळं आणि कुबट म्हणजे ओल अडकली: पाणी जास्त किंवा चकती जाड. आत कोरं पीठ म्हणजे पाणी कमी, बुरशी पोचलीच नाही. बुसानच्या कुमजॉन्गसान्सॉन्गचा नुरुक पातळ आणि रुंद असतो, त्यात ही भानगड कमी.

भरडधान्य: एक आडकाठी घालतो. अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी ओरायझीसारखीच दिसते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष करू शकते. नजरेने फरक कळत नाही, वासानेही नाही. पहिल्यांदा विकतचाच घ्या. आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं-आंबवणं गुन्हा आहे.

सुवॉनकर: बरं, विकतचा. प्रमाण? गोडसर हवी आहे.

टाच_आणि_कापड: चिकट तांदूळ घ्या, 1 किलो. तीन तास भिजवून तासभर निथळा, 40 मिनिटं वाफवा. भात नको, दाणा मोकळा आणि चिवट राहायला हवा. पसरून 25 अंशांवर आणा. गरम घातलात तर यीस्ट मरतं आणि आंबटपणा बाजी मारतो. नुरुक 150 ग्रॅम, पाणी 1 लिटर. पाणी कमी ठेवलं की साखर उरते. नुरुकची भरड आधी दोन-तीन दिवस उन्हात आणि रात्रीच्या दवात पसरा, कुबट वास जातो. पहिले तीन दिवस रोज ढवळा, 20 ते 25 अंश, साधारण दहा दिवस. झाकण सैल. गाळल्यावर लगेच फ्रीजमध्ये. तिथेही बाटलीचं बूच घट्ट लावू नका, गॅस थांबत नाही.