ज्येष्ठांचा सहनिवास उभा करताना सुरुवात कशापासून करावी?

सोबतीण

नमस्कार. आम्ही नऊ जण आहोत, सहा स्त्रिया आणि तीन पुरुष, वये ५८ ते ७१. गेली दोन वर्षे महिन्यातून एकदा भेटतो आणि दर वेळी बोलणे एकाच विषयावर येऊन ठेपते: प्रत्येकाचे घर स्वतंत्र, पण सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, अशी वसाहत आपणच का उभारू नये? वृद्धाश्रम आम्हाला नको आहे, कारण तेथे उठण्याजेवण्याच्या वेळासुद्धा दुसरे कोणी ठरवते. मुलांशी आमचे उत्तम आहे, तरीही त्यांच्या घरी कायमचे राहायला जावे असे बहुतेकांना वाटत नाही.

मागच्या महिन्यात आमच्यातील एक मैत्रीण रात्री न्हाणीघरात घसरून पडली. फोन बाहेरच्या खोलीत राहिला होता. सकाळी शेजारणीला तिची हाक ऐकू गेली, तोवर सहा तास ती ओल्या फरशीवर पडून होती. तेव्हापासून आमच्या बोलण्यातला निवांतपणा गेला आहे. काही जण म्हणतात, आधी जमीन घेऊन टाकू, नाहीतर हे नुसते बोलण्यावरच राहील. काहींचे मत आहे की आधी संस्था नोंदवावी. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे की पहिले पाऊल कोणते टाकावे, घरे किती असावीत, आणि पुढे कोणी अंथरुणाला खिळले तर बाकीच्यांनी किती भार उचलावा.

जुना सभासद

ताई, आमचा प्रयत्न फसला, म्हणूनच मनापासून लिहितो. आम्ही बारा जण होतो आणि चौथ्याच महिन्यात जमीन घेतली. पुढची दोन वर्षे कागदपत्रांत गेली. नकाशे टेबलावर आले तेव्हा कोठे कळले की एका जोडप्याने आपला मुलगा पुढे येथेच राहील असे गृहीत धरले होते, दुसऱ्या दोघांना दोन्ही वेळचे जेवण एकत्र हवे होते, तर एका गृहस्थांची समजूत अशी की सामाईक निधीतून कायमची परिचारिका ठेवली जाणार आहे. यातले कोणीच चुकीचे नव्हते. हे प्रश्न आम्ही जमिनीच्या आधी एकमेकांना विचारले नव्हते, एवढाच दोष. आणि पैसे अडकल्यावर विचारले तेव्हा प्रत्येक मतभेदाचे भांडण झाले. ज्याचे त्याचे पैसे परत मिळायला चार वर्षे लागली. काही मैत्र्या मात्र परत मिळाल्या नाहीत.

डेन्मार्कमध्ये या प्रकारच्या वसाहतींची कल्पना मांडणारे वास्तुरचनाकार यान गुडमंड-हॉयर यांच्या गटानेही १९६४ च्या सुमारास जमीन घेतली होती, पण आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे ती सोडावी लागली. त्या गटाची स्क्रोप्लानेट ही वसाहत पुढे उभी राहिली ती १९७३ मध्ये. लंडनच्या हाय बार्नेट भागात पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी स्वतः उभारलेल्या २५ घरांच्या वसाहतीचे काम १९९८ मध्ये सुरू झाले आणि त्या राहायला गेल्या २०१६ मध्ये. अठरा वर्षे! आपल्या गटात ७१ वर्षांचे कोणी आहेत, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगतो. यावरून नाउमेद होऊ नका, पण सहनिवासाचा जो भाग बांधकामावाचून सुरू होऊ शकतो, तो या आठवड्यातच सुरू करा. प्रत्येकाच्या घराची एक किल्ली गटातील दुसऱ्या कोणाकडे असावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणी फोन करायचा आणि फोन उचलला गेला नाही तर कोणी जायचे, हे नावानिशी ठरलेले असावे. एक वर्ष हे नेमाने झाले तर जमीन शोधायला हरकत नाही. ज्यांना एवढेही जमणार नाही, ते तोवर आपोआप कळतील.

शेजारधर्म

मी अशा वसाहतीत अकरा वर्षे राहते आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण माझ्या मते वसाहत टिकते किंवा मोडते ती याच ठिकाणी.

आमच्याकडे सुरुवातीला काहीच लिहिलेले नव्हते. 'आपण एकमेकांना सांभाळू' एवढ्यावर सगळे खूश होतो. पाचव्या वर्षी एका सभासद बाईंची स्मृती हळूहळू जाऊ लागली. त्यांच्या शेजारच्या तिघींनी, कोणी न सांगता, पाळ्या लावून घेतल्या: सकाळची औषधे, दुपारचे जेवण, रात्री दार बंद आहे ना ते पाहणे. पुढे आंघोळ घालणे आले, मग उचलून बसवणे आले. चौदा महिन्यांनी तिघींपैकी एकीची पाठ कायमची धरली. बाकीच्या रहिवाशांना अपराधी वाटत होते, म्हणून ते त्या घरावरून जाणेच टाळू लागले. त्या बाईंवर सगळ्यांचे प्रेम होते, तरी हे असे झाले.

त्यानंतर आम्ही जो करार केला तो सामाईक खोलीतील कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. डाव्या रकान्यात शेजारी काय करतील ते आहे: औषधे आणणे, डॉक्टरांकडे सोबत जाणे, शस्त्रक्रियेनंतर जास्तीत जास्त दोन आठवडे रात्रीची सोबत. उजव्या रकान्यात शेजारी काय करणार नाहीत ते: आंघोळ, शौच, उचलणे, इंजेक्शन. त्यासाठी पगारी माणूस यायला हवा, आणि त्याची व्यवस्था कोण करील त्याचे नाव प्रत्येकाने आधीच लिहून दिलेले आहे. हा उजवा रकाना लिहिताना आम्हाला फार कठोर वाटले होते. प्रत्यक्षात आजारी माणसाकडे जाणे त्यामुळेच सोपे झाले, कारण आत पाऊल टाकले की सुटका नाही ही भीती कोणाला उरली नाही.

घरे १५ ते ३० असावीत असे मला वाटते. आठ-दहा घरांत दोन माणसे आजारी पडली की पाळ्या कोलमडतात, आणि चाळिसांच्या वर गेल्यास सभेत सर्वांना बोलायला मिळत नाही. (स्टॉकहोममधील फेर्डक्नेप्पेन येथे ४३ घरे आहेत आणि १९९३ पासून ती वसाहत उत्तम चालू आहे, तेव्हा हा नियम नव्हे.) तेथील एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी: घरात मुले राहत नसतील तर चाळिशीपासून प्रवेश मिळतो. सगळे एकाच वयाचे असले तर सगळे एकदमच थकतात, म्हणून पन्नाशीतील माणसांची प्रतीक्षायादी पहिल्या दिवसापासून ठेवा.

रेखाटन

व्यवसायाने वास्तुरचनाकार असल्याने थोडे बांधकामाविषयी. ताईंची मैत्रीण पडली तसे झाल्यास न्हाणीघराचे दार बाहेरच उघडले पाहिजे. आत उघडणाऱ्या दाराला पडलेल्या माणसाचेच अंग अडते आणि मदतीला आलेला बाहेर राहतो. आत चाकांची खुर्ची वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा ठेवावी. आधारदांडी आज नको असली तरी भिंतीत तिच्यापुरती मजबुती आजच करून घ्यावी. प्रत्येक घराची स्वयंपाकघराची खिडकी सामाईक वाटेकडे असावी; कोणाची खिडकी दहा वाजेपर्यंत उघडली नाही, हे जाता-येता दिसते. आणि पाहुण्यांची एक खोली जास्तीची काढा, तिचा उपयोग पुढे रात्रीच्या परिचारिकेसाठी होतो.

सोबतीण

सर्वांचे मनापासून आभार. किल्ल्यांची यादी कालच केली. आमच्यातील दोघांनी विचारले आहे की सभासद गेल्यावर घर वारसाला मिळेल की नाही.

जुना सभासद

यावर आमच्याकडेही पुष्कळ वाद झाला होता. मला पटलेला मार्ग असा की घरे संस्थेच्या मालकीची असावीत आणि सभासदाला तहहयात राहण्याचा हक्क असावा. वारसाला घराची किंमत मिळावी, राहण्याचा हक्क मात्र तो वयाच्या अटीत बसत असेल आणि गटाने त्याला रीतसर सभासद करून घेतले तरच. किंमत कशी काढायची त्याचे सूत्र करारनाम्यातच असू द्या, आणि मसुदा आपल्याकडील कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. सह्या होण्यापूर्वी तो प्रत्येकाच्या मुलांना वाचायला द्या. आमच्या गटातील एका सभासदाच्या मुलीने वडिलांच्या पश्चात प्रथमच तो कागद पाहिला आणि तिला वाटले की आम्ही वडिलांना फसवले.