मदत हवी आहे: पाचट जाळलं नाही, मातीत घातलं, तरी मका पिवळा का?

मलप्रभाकाठ:
राम राम मंडळी. प्रश्न शेतीचा आहे की शाळेचा हे मलाच कळेना झालंय, म्हणून इथे टाकतोय.

खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठाला आमचा पाऊण एकराचा तुकडा आहे. तांबडी माती, ऊस. मला आठवतंय तेव्हापासून तोड झाली की संध्याकाळी पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याला, काडी लावायची आणि सकाळी काळं रान बघायचं, हीच रीत. यंदा जानेवारीत तोड झाली आणि धाकटी आडवी आली. दहावीला आहे, कन्नड माध्यमात. परिसंस्थेचा धडा झाल्यापासून 'आहार सरपळी, आहार सरपळी' (म्हणजे अन्नसाखळी) करत घरभर फिरत होती. तिचं म्हणणं असं, की उसाने मातीतून घेतलेलं बरंच पाल्यात असतं. जाळलं की नत्र (नायट्रोजन) हवेत जातं, कुजवलं की मातीत परत येतं. मला पटलं. काडी लावली नाही.

२५ गुंठ्यांत खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारा ऊस) राखला आणि पाचट नुसतं सरीत दाबलं. कोपऱ्यातले ५ गुंठे मोडले, पाचट रोटर मारून मातीत मिसळलं आणि आठवड्याने वैरणीसाठी मका टोकला. आता मका गुडघ्याला लागलाय आणि पिवळा पडत चाललाय. बांधापलीकडच्याने रान पेटवून मका केला, त्याचा काळाभोर! आबा रोज बांधावर उभं राहून विचारतात, "पोरीचं ऐकून शेती करूलास व्हय?"

दोन गोष्टी सांगा. एक, पोषकद्रव्यांचं चक्र खरं असेल तर माझं नत्र गेलं कुठं? दुसरा प्रश्न पोरीचा. पुस्तकात द्रव्यांचं 'चक्र' आणि ऊर्जेचा 'प्रवाह' असं का? ऊर्जा नष्ट होत नाही हेही पुस्तकातच आहे. मग तिचंही चक्र का नाही? मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगतो" म्हटलं, त्याला चार दिवस झाले.

चिकोडीकर:
दोष पोरीला नको, रोटरला द्या :) आधी सांगा, पिवळं वरचं पान आहे की खालचं? शेंड्याकडून सुरू झालंय की कडेने? खोडव्याची काय अवस्था? आणि थोडं उकरून पाचट कसं दिसतंय तेही बघा.

मलप्रभाकाठ:
सकाळी जाऊन आलो. खालची तीन-चार पानं पिवळी आहेत, वरचा पोंगा हिरवा. पिवळेपणा पानाच्या टोकापासून मधल्या शिरेने आत आलाय, कडा अजून हिरव्या, म्हणजे गळ्यातल्या पदकासारखा आकार. खोडवा जरासा फिका आहे, पण ठीक. उकरलं तर पाचट जवळजवळ तसंच, फक्त त्यावर पांढऱ्या तंतूंची जाळी. वास मात्र झकास, वळवाच्या पहिल्या सरीसारखा.

जुना मास्तर:
वर्णन इतकं नेमकं आहे की मका बघायला यायची गरज नाही. खालच्या पानावर, टोकापासून मधल्या शिरेने येणारा पिवळेपणा म्हणजे नत्र कमी पडलंय. झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्या पानाला देतं. लोह कमी असतं तर वरची पानं आधी पिवळी झाली असती.

तुमचं नत्र कुठंही गेलेलं नाही. त्या पांढऱ्या तंतूंनी उसनं घेतलंय. ती बुरशी आहे.

हिशोब असा. उसाच्या पाचटात १०० किलो कर्बामागे (कार्बनमागे) नत्र असतं जेमतेम १ किलो. बुरशी आणि जिवाणू ते खातात तेव्हा साधारण दोन तृतीयांश कर्ब श्वासावाटे हवेत सोडतात आणि उरलेल्या ३०-३५ किलोंतून स्वतःचं अंग बांधतात. त्यांच्या अंगात ८-१० किलो कर्बाला १ किलो नत्र लागतं. म्हणजे गरज ३ किलोंच्या वर आणि पाचटात आहे १. उरलेलं दोन-अडीच किलो मातीतून ओढतात, आणि ते ओढताना तुमच्या मक्याला विचारत नाहीत. रोटरने पाचटाचे तुकडे झाले, मातीत मिसळले, सगळी पंगत एकदम बसली. खोडव्यात पाचट वर पडलंय, ते मातीला फक्त खालून टेकतं, तिथे ही ओढ सावकाश. म्हणून तो नुसता फिका.

आता धाकटीचा प्रश्न. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पाचटातली ऊर्जा म्हणजे गेल्या वर्षीचं ऊन. बुरशी ते वापरते, त्यातलं बरंच उष्णता होऊन निघून जातं. ऊर्जा नष्ट झाली नाही हे खरं, पण ती इतकी पसरली की कुठलंही पान ती पकडू शकत नाही. पानाला प्रकाश लागतो, ऊब चालत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे गायरीवरून, म्हणजे शेणखताच्या ढिगावरून, वाफ निघताना पोरीने पाहिली असेल. शेणकाडीच्या ढिगात हात घालायला सांगा, चांगलं गरम लागतं. तीच ऊर्जा, कायमची बाहेर चाललेली. नत्राला मात्र तसं उबेसारखं विरून जाता येत नाही. कर्ब उडून जातो, नत्र मागे राहतं, हळूहळू प्रमाण १०० ला १ वरून २५-३० ला १ च्या खाली येतं, आणि मग बुरशीला नत्र जास्त होऊन ती ते मातीत सोडू लागते. ऊर्जा निघून जाते म्हणून नत्र मोकळं होतं. दोन वेगळे धडे नाहीत हे, एकाच ढिगातली गोष्ट आहे.

जाता जाता: पुस्तकातला १० टक्क्यांचा नियम (अन्नसाखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीला १० टक्केच ऊर्जा जाते) पाठ करून घेताना एवढं सांगा की तो ढोबळ आकडा आहे. रेमंड लिंडमन या तरुणाने अमेरिकेत मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा हिशोब मांडला, तो १९४२ मध्ये छापून आला. त्यात वनस्पतींकडून शाकाहारींकडे सुमारे १३ टक्के आणि पुढच्या पायरीला २२ टक्के ऊर्जा गेल्याचं निघालं. लेख छापून येण्याच्या आधीच, वयाची २७ वर्षं पुरी होण्याआधी तो वारला. शाळेत हे कुणी सांगत नाही, मीही नोकरीत असताना कधी सांगितलं नाही.

अळंबी:
मास्तर, सुंदर. मी कणकुंबीकडची, एक भर घालते. आमच्याकडे रानाला कुणी युरिया देत नाही, पाऊस तर धो धो, माती धुऊन जांभा वर आलेला. तरी रान हिरवं. कारण तिथलं बरंचसं खत मातीत साठून राहत नाही, झाडांत आणि पडलेल्या पाल्यातच असतं. पाला कुजला की मुळं वरच्यावर उचलतात. आणि वाळवी! ती पाला वारुळात नेते, त्यावर बुरशी पिकवते आणि ती बुरशी खाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळावर जी अळंबी फुटते ती त्याच बुरशीची. बाजारात आपण भाव करून घेतो तो म्हणजे वाळवीच्या शेतातला माल.

रान तोडलं की दोन-तीन वर्षं नाचणी बरी येते आणि मग माती हात टेकते. तिच्यात साठा होताच कुठे?

चिकोडीकर:
मास्तरांचं सगळं मान्य, पण पाचट जाळणाऱ्याला उगाच खलनायक करू नका. राखेत स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) बऱ्यापैकी राहतं, मजूर मिळत नाही, खोडव्यात वर पाचट असलं की पाणी द्यायला त्रास. शेजाऱ्याचा मका काळाभोर यासाठीच, की त्याच्या मातीत नत्र उसनं घ्यायला कुणी नव्हतं. मात्र पाल्यातलं नत्र तो धुरात घालवून बसला. एकरी ४ टन पाचट धरा, नत्र अर्धा टक्का, म्हणजे २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात तेवढंच असतं. एकरी एक पोतं दरवर्षी काडीने पेटवतो आपण.

आता उपाय. पाचट कुजवायला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, अशी शिफारस आहे. तुम्ही ते दिलं नाहीत, तिथेच चुकलं. आता मक्याला नत्राचा हप्ता द्या, पण पाचटावर फेकू नका, अमोनिया होऊन उडेल. ओळीच्या कडेने चर काढून मातीआड करा आणि लगेच पाणी सोडा. पुढच्या खेपेला रोटर मारल्यावर महिना-दीड महिना थांबा.

आणि पोरीला एक कोडं घाला माझ्यातर्फे. साखरेच्या पोत्यात तुमच्या शेतातलं किती नत्र जातं? उत्तर शून्य. साखर म्हणजे कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे हवा आणि पाणी, उन्हाने जोडलेलं. मातीतलं जे उसाबरोबर कारखान्यात गेलं, त्यातलं पुष्कळसं प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात), राखेत आणि मळीत अडकून तिथेच पडतं. ते परत आणलं तरच चक्र. नाहीतर ती एकेरी वाट आहे, ऊर्जेसारखीच.

मलप्रभाकाठ:
तीन आठवड्यांनी आलोय, माफ करा. चर काढून युरिया दिला, दोन पाणी झाली. नवीन पानं हिरवी निघालीत, खालची पिवळी ती पिवळीच. आबा म्हणाले, "युरियानं आलं, पोरीच्या धड्यानं न्हवं." त्यावर ती म्हणाली, बुरशीने घेतलेलं नत्र पावसाळ्यात परत मिळेल, तेव्हा मोजा. आबा कसं मोजणार माहीत नाही, पण गायरीत हात घालून आले. "गरम हाय की," एवढंच बोलले.

आता प्रेसमडची ट्रॉली सांगतोय. ताजं घातलं तर चालेल का?

चिकोडीकर:
ताजं नको. तेही तापतं, कोवळी मुळं भाजतील. बांधाला ढीग मारा, अधूनमधून पाणी शिंपडा, दोन-तीनदा उलथा. आबांना हात घालायला सांगा. गार लागलं की पसरा.