हिवाळा सौम्य, पण हीटिंगचा वापर जवळपास तेवढाच. हिशेब कुठे चुकतोय?

मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घाला.

आमचा गॅस बॉयलर म्हातारा झालाय, त्याच्या जागी हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीनं घरात आणणारं यंत्र) बसवायचं चाललंय. तापमानवाढीमुळे हिवाळे सौम्य होतायत, मग लहान पंपावर भागेल असा माझा होरा. म्हणून गेल्या दोन हिवाळ्यांचे हीटिंग डिग्री-डे, म्हणजे हीटिंगची गरज किती याचं माप, काढले. १८ अंशांतून दिवसाचं सरासरी तापमान वजा करायचं आणि सगळ्या दिवसांची बेरीज करायची. १८० दिवसांची सरासरी आदल्या वर्षी ६ अंश, यंदा ७.५. म्हणजे २१६० वरून १८९०, साडेबारा टक्के घट! गॅसचा मीटर मात्र जेमतेम ४ टक्के कमी दाखवतोय. गरम पाणी नि स्वयंपाक विजेवर, त्यामुळे तो घोळ नाही. खिडक्या-दारं तीच. यंदा आई राहायला आलीय, एवढाच काय तो फरक.

पाणी कुठे मुरतंय?

प्रतिसाद १: थर्मोस्टॅट कितीवर असतो?

धागाकर्ता: आधी २० वर असायचा. आईला थंडी सोसत नाही, म्हणून यंदा २१. पण एका अंशानं असा काय फरक पडणार?

प्रतिसाद १: तिथेच मुरतंय! घरातून उष्णता किती जाते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. १८ हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. ऊन, माणसं, उपकरणं यांच्यामुळे घर आपोआप थोडं तापतं, ते धरून घेतलेला तो अंदाज आहे. आत एक अंश वाढवलात की १८ चे १९ होतात. आता करा: ११.५ गुणिले १८०, २०७०. म्हणजे २१६० पेक्षा ४ टक्केच कमी. बाहेर दीड अंश मिळाला, त्यातला एक तुम्ही आत वापरलात. आईंसाठी वापरलात, त्यात वाईट काय?

बाकी दोन हिवाळ्यांच्या फरकाला हवामानबदल म्हणू नका, हवामानाची सरासरी साधारण ३० वर्षांची धरतात.

प्रतिसाद २: लहान पंपाची घाई नको. सरासरी वाढली तरी एखादी कडाक्याची रात्र येतेच. पंपाची क्षमता तिच्यावरून ठरवतात, आणि हवेवर चालणाऱ्या पंपाची कार्यक्षमता नेमकी तेव्हाच घसरते. आधी घरातून होणारी उष्णतेची गळती मोजून घ्या. छताला इन्सुलेशन केलंत तर कदाचित लहान पंप खरंच पुरेल.

धागाकर्ता: आभार दोघांचे. थर्मोस्टॅट आईच्याच ताब्यात राहू दे. मी रविवारी माळ्यावर चढतो.