गल्ल्या सिमेंटच्या करायच्या, की आधी जमिनीखालचं काम?

तिसरी गल्ली

आमच्या प्रभागातल्या यंदाच्या कामांची यादी कार्यालयाच्या फलकावर लागली आहे. सहा गल्ल्यांचं काँक्रिटीकरण, एका पदपथाला नवे पेव्हर ब्लॉक, दोन चौकांचं सुशोभीकरण. मी यादी दोनदा वाचली. पाण्याच्या जुन्या लाइनबद्दल एक ओळ नाही, पावसाळी गटारांबद्दल नाही, आणि चेंबरच्या झाकणांबद्दलही नाही.

माझं मत सरळ लिहिते. गल्ल्यांना सिमेंट नको. डांबरच ठेवा आणि दरवर्षी उन्हाळ्यात त्याची निगा राखा.

आमची गल्ली जेमतेम सहा मीटर रुंद आहे. तिच्या पोटात पाण्याचे बिडाचे जुने पाइप आहेत, ड्रेनेज आहे, विजेच्या केबल आहेत, गॅसची लाइन आहे, आणि वर इंटरनेटवाल्यांच्या तारा. वर्षातून एकदा तरी कोणीतरी चर खोदतंच. डांबरी रस्त्यावर चर नीट कापला, थराथरानं भरून दाबला आणि वर गरम माल टाकून रोलर फिरवला, तर तो बराचसा सांधतो. काँक्रीट फोडायला ब्रेकर लावावा लागतो, दिवसभर घरं हादरतात, आणि बुजवलेला भाग मूळ स्लॅबशी कधीच एकजीव होत नाही. पलीकडच्या गल्लीत सिमेंट केल्यावर आठ महिन्यांत पाइप फुटला. रस्त्याच्या मधोमध तो ठिगळ आजही आहे, आणि त्याच्या कडेनं पाणी खाली झिरपतं.

दुसरं म्हणजे झाडं. बुंध्याला चिकटून सिमेंट ओततात. दिल्लीत हरित लवादानं २०१३ मध्येच सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाला एक वीतही मिळणार नाही, हे मला आजच दिसतंय.

डांबर टिकत नाही, हे मला मान्य नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता पाहा. स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकारानं १९७०च्या दशकात रिकॉन्डो कंपनीनं तो दहा वर्षांच्या हमीवर केला. डांबरी रस्ता. दहा वर्षं सरली, त्यानंतरही कित्येक पावसाळे त्या रस्त्यावर खड्डा दिसला नाही. म्हणजे दोष डांबराचा नाही, करून घेणाऱ्याचा आहे.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? विरोधी मत असेल तर तेही लिहा, मला ते ऐकायचं आहे.

रोजची दुचाकी

विरोधी मत माझं आहे.

जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण मी लहानपणापासून ऐकते. पन्नास वर्षांत आपल्याला दुसरं उदाहरण देता येत नाही, यातच उत्तर आहे. "डांबर नीट केलं तर" या "तर"वर मी बारा पावसाळे गाडी चालवली. तीन वर्षांपूर्वी पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. मागे मुलगा बसला होता. माझं मनगट मोडलं, त्याच्या हनुवटीला टाके पडले. तो खड्डा पंधरा दिवसांपूर्वीच भरलेला होता. पावसात खडी टाकून, वर डांबर शिंपडून.

आमच्या मागच्या गल्लीला सिमेंट होऊन सहा पावसाळे झाले. एक खड्डा नाही. रात्री, पावसात, दिवे गेलेले असताना मी तिथून बिनधास्त येते. झाडांबद्दल, पाइपांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण रोज रस्त्यावर असणाऱ्या माणसाला आधी न पडता घरी पोचायचं असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर घरच्यांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितली. इथवर गोष्ट गेली आहे. गल्लीत डांबराची "निगा" राखली जाईल, यावर माझा विश्वास उरलेला नाही.

निवृत्त जेई

जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता म्हणून अठ्ठावीस वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

डांबराचा शत्रू पाणी. खडीवर बसलेलं डांबर साचलेल्या पाण्यानं सुटतं, वर चाकं फिरतात, खडी निघते, खड्डा पडतो. म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेला उतार आणि कडेला वाहतं गटार लागतंच. गल्लीत दोन्ही नसतात. त्यात प्लांटवरून निघालेला माल दीडशे अंशांच्या आसपास गरम असतो. डंपरवर ताडपत्री नसेल, वाहतुकीत तास गेला, तर तो वाटेतच निवतो. निवलेला माल रोलर कितीही फिरवला तरी दाबला जात नाही. दिसायला काळाभोर, आतून पोकळ. पहिल्या जोरदार सरीत त्याचं खरं रूप दिसतं.

काँक्रीटचा शत्रू घाई. ओतल्यावर किमान दोन आठवडे गोणपाट भिजवून किंवा वाफे करून पाणी साठवून ते ओलं ठेवायचं असतं. पूर्ण ताकद धरायला साधारण २८ दिवस. सांधे वेळेवर कापायचे, नाहीतर स्लॅब स्वतःच वाटेल तिथे तडकतो. माझ्या नोकरीत मी पाहिलं, सातव्या दिवशी बॅरिकेड बाजूला सरकलेलं असायचं आणि टँकर आत आलेला असायचा. त्याबद्दल ठेकेदाराला जेवढी नोटीस द्यायला हवी होती तेवढी मी दिली नाही. हे आज लिहितोय, कारण तेव्हा लिहायला हवं होतं.

आता मूळ प्रश्न. तिसरी गल्ली म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. खालच्या लाइन जुन्या असतील तर वर काँक्रीट टाकणं म्हणजे पैसा पुरणं. पण लाइन आधी बदलल्या, रस्त्याला आडवे रिकामे पाइप टाकून ठेवले की उद्याची केबल त्यातून ओढता येते, आणि मग पाणी साचणाऱ्या अरुंद गल्लीला काँक्रीटच योग्य. जंगली महाराज रस्ता हा मोठा रस्ता. त्याची हमी कागदावर होती आणि वसूल करणारी माणसंही होती. गल्लीच्या कामालाही दोषदायित्व कालावधी असतो, त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. किती लोकांना आपल्या गल्लीची ती मुदत माहीत आहे?

तळमजला

सगळे खड्ड्यांबद्दल बोलताय. माझ्या उंबऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

१९७४ची इमारत. तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आत यावं लागायचं. डांबरावर डांबर चढत गेलं आणि एक पायरी बुजली. मग सिमेंट आलं, तेही जुना रस्ता न खरवडता. आता रस्ता वर आणि आम्ही खाली. गेल्या जुलैत रात्री दोन वाजता पाणी आत आलं. आईची गादी भिजली, फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. ती ८१ वर्षांची आहे, तिला उचलून खुर्चीवर बसवलं आणि सकाळपर्यंत बादल्या उपसल्या.

रोजची दुचाकी, तुमच्या मनगटाबद्दल खरंच वाईट वाटलं. पण तुमची बिनधास्त गल्ली कोणाच्या तरी घरात पाणी सोडून झाली असेल, एवढं बघा. सिमेंट असो, डांबर असो, आहे त्या पातळीपर्यंत खोदल्याशिवाय नवा थर टाकू नका. माझी एवढी एकच मागणी आहे.

अंधेरीकर

मुंबईत हा वाद मोठ्या प्रमाणावर होऊन गेला, अजून चालू आहे. शहरात सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते. बरेच आधीच काँक्रीटचे झाले होते, आणि २०२३ पासून दोन टप्प्यांत सुमारे ७०० किलोमीटर हाती घेतले गेले. गुणवत्ता तपासायला आयआयटी मुंबईला नेमलं. मी या कामाच्या बाजूनं आहे. मरीन ड्राइव्ह १९४० च्या सुमाराला काँक्रीटचाच बांधला होता, तो कित्येक दशकं टिकला, पुढे त्यावर डांबराचा थर आला. समुद्राकाठी, एवढ्या पावसात. मग गल्लीत का टिकू नये?

पण एक गोष्ट तिथूनच शिकण्यासारखी आहे. ३१ मेच्या आत खोदलेलं सगळं वाहतुकीयोग्य करायचं, ही तारीख गाठायला जी धावपळ होते, त्यात जेईसाहेब म्हणतात ती घाई शिरते. काम ऑक्टोबरात सुरू व्हायला हवं. निविदेचा कागद फिरत फिरत फेब्रुवारीत सुरू होतं.

नाक्यावरचं दुकान

मला डांबर चालेल, सिमेंट चालेल, शहाबादी फरशी चालेल. तारीख सांगा.

"काम प्रगतीपथावर" हा फलक माझ्या दुकानासमोर साडेतीन महिने होता. एवढ्यात एका बाजूचं काँक्रीट झालं, दुसरी बाजू चाळीस दिवस नुसती खणून ठेवली. फळीवरून गिऱ्हाईक किती येणार? गणपतीच्या आधीचा सगळा धंदा बुडाला. फलकावर ठेकेदाराचं नाव होतं, रक्कम होती. सुरू कधी, संपणार कधी, या दोन ओळी कोऱ्या. पाणी बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी सांगत नाहीत, टाकी रिकामी झाल्यावर कळतं.

तिसरी गल्ली

तळमजला, तुमचं वाचून मी माझ्या जिन्याखाली जाऊन पाहिलं. आमच्याकडेही मूळच्या तीनपैकी एकच पायरी उरली आहे. इतकी वर्षं रोज उतरते आणि हे ध्यानात आलं नव्हतं.

जेईसाहेब, आडव्या पाइपांचं पटलं. "सिमेंट नको" हे माझं म्हणणं मी "खालचं काम झाल्याशिवाय सिमेंट नको" असं बदलते. पण अंधेरीकर, मरीन ड्राइव्हची तुलना मला पटत नाही. तिथे दर सहा महिन्यांनी कोणी नळजोडणीसाठी खोदत नव्हतं. आणि मोठ्या रस्त्यावर आयआयटीचे लोक येतात, आमच्या गल्लीत एकटा मुकादम असतो. तोही संध्याकाळी पाच वाजता निघतो, आणि काँक्रीटची गाडी येते रात्री अकराला.

यादी रद्द करा असं निवेदन उद्या द्यावं असं माझ्या मनात आहे.

पेठेतला

रद्द करू नका, आणि हे मी तुमच्या विरोधात लिहितोय.

फलकावर लागलेली यादी म्हणजे मंजूर झालेला पैसा. ती रद्द झाली की गल्लीला पाइपही मिळत नाही आणि रस्ताही नाही. निधी दुसरीकडे वळतो. ही चर्चा यादी लागल्यावर करायची नसते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज अंदाजपत्रकाच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. मी तीन वेळा भरला. एकदा पदपथाचा उतार मंजूर झाला, माझ्या वडिलांची चाकाची खुर्ची आता तिथून जाते. दोनदा नुसती पोच मिळाली. तरी भरतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून प्रभाग समित्या आल्या. मार्च २०२२ नंतर आमच्याकडे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा विचारायचं कोणाला, हा प्रश्न होता. तरी ती सबब धरून आपण घरी बसलो, हेही खरं.

निवेदनात "रद्द करा" ऐवजी "क्रम बदला" असं लिहा. त्याच निधीत सहाऐवजी तीन गल्ल्या घ्या, पण लाइन बदलून.

रोजची दुचाकी

सहाऐवजी तीन म्हणजे उरलेल्या तीन गल्ल्यांत अजून एक पावसाळा खड्डे. त्यातली एक माझ्या मुलाच्या शाळेची आहे. ती कोणत्या तिनात, हे ठरवणार कोण? ज्यांना लिहिता-बोलता येतं तेच ना? शाळेच्या गल्लीच्या मागे चाळ आहे, तिथलं कोणी इथे लिहीत नाहीये.

तळमजला, तुमच्या आईचं वाचल्यावर मी मागच्या गल्लीत जाऊन विचारलं. चार घरांच्या दारात विटांचे बांध घातलेले आहेत. सहा वर्षं मी रोज त्यांच्यासमोरून जाते. रस्ता खरवडूनच करा, ही मागणी मी माझ्या सहीनं देईन. पण शाळेची गल्ली पहिल्या तिनात असेल तरच.

निवृत्त जेई

मग निवेदनात मागायचं ते असं मागा. गल्लीनिहाय कार्यादेशाची, म्हणजे वर्क ऑर्डरची प्रत, सुरू आणि संपण्याची तारीख, रस्त्याची आजची आणि कामानंतरची पातळी, दोषदायित्वाची मुदत. दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. २००५च्या त्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पातळी मोजायला मी येतो. पाण्याची नळी आणि पट्टी पुरते. शाळेच्या गल्लीपासून सुरू करू, आणि चाळीतल्या लोकांनाही बोलवा. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.

तळमजला

मी येतो. आमच्या जोत्यावर १९७४ची मूळ पातळी दाखवणारी ओळ अजून आहे. रंगाखाली गेली आहे, खरवडून ठेवतो.