मदत हवी आहे: इंजिनच्या फेसवर (कव्हर बसतं त्या सपाट जागेवर) चिकटलेलं जुनं सिलिकॉन कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. मी तासगावजवळचा. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन उघडलंय. ब्लॉक बिडाचा आहे, पण टायमिंग कव्हर आणि साइड कव्हर ॲल्युमिनियमचं. आधी कुणीतरी कागदी पॅकिंगच्या (गॅस्केटच्या) दोन्ही बाजूंना भरपूर सिलिकॉन, म्हणजे गळती रोखायची पेस्ट, लावलंय. पॅकिंगचा कागद नखाएवढ्या तुकड्यांत निघतोय, पण खाली रबरासारखा राखाडी थर तसाच राहतो. बोल्टच्या भोकांभोवती तर फारच घट्ट.

डिझेलमध्ये रात्रभर भिजवलं, नंतर थिनर लावला. ऑइल, ग्रीस गेलं, सिलिकॉन नाही. पक्कं झालेलं सिलिकॉन थिनरमध्ये विरघळत नाही, फार तर फुगतं.

बिडाच्या बाजूला ब्लेड चालतं, तिकडची काळजी नाही. प्रश्न ॲल्युमिनियमचा आहे. जरा ओरखडा पडला की तिथूनच ऑइल गळायला लागणार. शेजारच्या एका मिस्त्रींनी ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून घासायला सांगितलं, पण ती बारीक भुकटी ऑइलच्या वाटेत गेली तर बेअरिंग खाऊन टाकेल, म्हणून मन धजत नाही. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो.

सिलिकॉनवर खरंच चालणारा गॅस्केट रिमूव्हर (जुनं पॅकिंग सोडवायचं रसायन) कुणी वापरलाय का? सांगली-मिरजेत कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळेल? कव्हर हीट गनने गरम करून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं तर जमेल का? स्वतः केलेल्यांनी सांगा. उसाला पाणी द्यायचंय, त्यामुळे जरा घाई आहे.