मदत हवी आहे: संसर्गाच्या प्रयोगात नको ते पेले गुलाबी होतात

प्रयोगवही:
आठवी-नववीसाठी पेल्यांच्या अदलाबदलीचा प्रयोग बसवतोय. ४० मुलं, प्रत्येकाकडे ५० मिली नळाचं पाणी. एकाच पेल्यात पाण्याऐवजी ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड, तो कोणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. तीन फेऱ्या, दर वेळी नवा जोडीदार. एकाने आपलं सगळं दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचं, ढवळायचं आणि निम्मं परत घ्यायचं. शेवटी प्रत्येक पेल्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्लारिधर्मी द्रावणात गुलाबी होणारा दर्शक) दोन थेंब. गुलाबी झाला तो बाधित.

अडचणी अशा: गुलाबी पेले १५-१६ निघतात, त्यातले बरेच फिके. जोड्यांचा तक्ता लिहूनही मूळ रुग्णाचा शोध दोन नावांवर अडकतो. आणि लसीकरण दाखवायला काही पेल्यांत आधीच व्हिनेगर घातलं तर चालेल का?

काचनळी:
आधी हिशेब बघा. पहिल्या फेरीनंतर बाधित २, दुसरीनंतर जास्तीत जास्त ४, तिसरीनंतर ८. दोन बाधितांचीच जोडी जमली तर त्याहून कमी. म्हणजे आठाच्या वरचा प्रत्येक गुलाबी पेला खोटा.

फिका रंग तर हमखास खोटा. तीन फेऱ्यांत द्रावण फार तर मूळच्या एक-अष्टमांश होतं, पण तरीही सामू (pH) १२ च्या आसपास असतो आणि रंग गडदच यायला हवा. फिका रंग तीन ठिकाणांहून येतो: नळाचं पाणी थोडं आम्लारिधर्मी असणं (हा दर्शक सामू ८.२ च्या पुढे रंगू लागतो), पेल्याला राहिलेला साबण, आणि सगळ्यांत एकच ढवळणी फिरवणं. ऊर्ध्वपातित पाणी घ्या, ढवळणीऐवजी पेला हलवा, ड्रॉपरचं टोक पाण्याला लागू देऊ नका. आदल्या दिवशी पाच-सहा धुतलेल्या पेल्यांत पाणी आणि दर्शक घालून बघा. एकही रंगला तर सगळे पुन्हा विसळा.

हायड्रॉक्साइडही बदला. ते डोळ्यांना वाईट, शिवाय ०.१ मोलरमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचा रंग काही मिनिटांत उतरू लागतो. धुण्याचा सोडा पुरतो: १०० मिलीत १ ग्रॅम निर्जल, स्फटिकी असेल तर २.७ ग्रॅम. खायचा सोडा नको. त्याचा सामू ८.३ च्या आसपास, रंग आला तर आला. चष्मे मात्र सोड्यालाही हवेतच, आणि दर्शक अल्कोहोलमध्ये असतो म्हणून जवळपास ज्योत नको.

तक्तेवाली:
मूळ रुग्णाबद्दल. तुमचा तक्ता बरोबरच आहे, दोन नावांच्या पुढे तो जाऊच शकत नाही. मुलांना नियम एकच द्या: ज्याचा पेला शेवटी स्वच्छ निघाला, त्याचे जोडीदार त्याला भेटले त्या फेरीपर्यंत निरोगी होते. या नियमाने गुलाबी नावं खोडत गेलं की बहुतेक वेळा पहिल्या फेरीतली एक जोडी उरते. त्या दोघांचं द्रावण पहिल्याच ओतण्यात सारखं झालेलं असतं, मग तक्त्याला फरक कळणार कुठून?

म्हणून अदलाबदलीआधी प्रत्येकाचं ५ मिली पाणी क्रमांक घातलेल्या परीक्षानळीत काढून ठेवा. शेवटी फक्त उरलेल्या दोन नळ्यांत दर्शक टाका. सगळ्या नळ्या तपासायला मुलं उतावीळ होतात, तेवढं आवरा. नाहीतर तक्ता कुणी बघतच नाही.

व्हिनेगर मात्र नकोच. आम्ल अदलाबदलीत पुढे जातं आणि बाधित पेल्याचंही उदासिनीकरण करतं. मुलांच्या डोक्यात काय बसेल? लस घेतलेल्याला भेटलं की आजारी माणूस बरा होतो! शिवाय सोडा वापरलात तर बुडबुडे येऊन गुपित फुटेल. त्यापेक्षा लस घेतलेल्यांच्या पेल्यावर झाकण ठेवा. जोडीदार भेटेल, तक्त्यात नोंद होईल, पाणी हलणार नाही. एकदा १० झाकणं, एकदा ३०. पण एकाच खेळावरून निष्कर्ष नको, योगायोग मोठा असतो. पुढचे चार-पाच खेळ पाण्याशिवाय, नुसत्या चिठ्ठ्यांवर घ्या.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समूहात सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो, म्हणून साथ थोपवायला साधारण ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित लागतात. हा आकडा झाकणांच्या खेळानंतर सांगितला तर मुलांना पटतो. आधी सांगितला तर नुसता पाठ होतो.

डासघर:
अदलाबदलीला ‘हस्तांदोलन’ म्हणू नका. हा खेळ रक्तातून किंवा शरीरद्रवांतून पसरणाऱ्या रोगांचा, उदाहरणार्थ एचआयव्ही, हिपॅटायटिस बी. खेळात हस्तांदोलन म्हटलंत तर हात मिळवल्याने एचआयव्ही होतो हेच मुलं घरी घेऊन जातील. कॉलऱ्यासाठी वेगळी मांडणी करा: पाण्याचे दोन जग, त्यातल्या एकात धुण्याचा सोडा, आणि कोणी कुठल्या जगातून पाणी घेतलं याची नोंद.

डेंग्यूसाठी ड्रॉपरला डास बनवायचा मोह होतो, तोही टाळा. डास आधीच्या माणसाचं रक्त पुढच्याला टोचत नाही, लाळ सोडतो. विषाणू त्याच्या शरीरात वाढून लाळग्रंथीत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. एचआयव्ही डासात वाढत नाही, म्हणून डासामुळे पसरत नाही. ड्रॉपरच्या खेळात नेमका हाच फरक पुसला जातो.

प्रयोगवही:
झाकणांची युक्ती आणि ५ मिलीच्या नळ्या, दोन्ही घेतो. सोडा वापरल्यावर पेले पुढच्या तुकडीला लगेच देता येतील ना?

काचनळी:
नुसते विसळून नाही. द्रावण भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओता, पेल्यांतून पातळ व्हिनेगर फिरवा, मग दोनदा ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन उपडे ठेवा. व्हिनेगरही राहू देऊ नका, त्याने खरा बाधित पेला बिनरंगी राहू शकतो.